गावाची गोष्ट आणि हातातील यंत्र

(ग्रामीण वाचनालयांचे कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समाजमाध्यमांचा ग्रामजीवनास काय उपयोग, हा विषय मला देण्यात आला आहे. विषय नवा वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट फार जुनी आहे. चार घरे शेजारी उभी राहिली म्हणून गाव होत नाही. त्या घरांतील माणसे एकमेकांस काही सांगतात, ऐकतात आणि ऐकलेले पुढच्या पिढीच्या हाती देतात, तेव्हा गाव होते. हे सांगणे थांबले की वस्ती उरते, गाव उरत नाही.

आपल्या गोव्यातीलच एक उदाहरण घेऊ. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली याच गावी झाला. भातशेती, माड, काजू आणि फणस यांनी संपन्न असलेल्या या गावात हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे एकत्र नांदत होती. साळावली नदीवरील धरणामुळे 1986 साली हे गाव पाण्याखाली गेले. सुमारे तीन हजार रहिवाशांना वाडे, वालकिणी आदी ठिकाणी जावे लागले. दक्षिण गोव्याच्या घरोघरी जे पाणी पोहोचते, त्यामागे या गावाचा त्याग आहे. मात्र आपल्या नव्या वसाहतींना हे पाणी मिळण्यास फार विलंब झाला, असे तेथील रहिवासी सांगत आले आहेत.

उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि मे महिन्यात घरांची जोती, वाटा आणि देवस्थान उघडे पडते. त्या वेळी कुर्डीकर दूरदूरहून तेथे जमतात. सोमेश्वराच्या मंदिरात उत्सव होतो. ख्रिस्ती बांधवही आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात. पाऊस आला की गाव पुन्हा पाण्यात जाते. मला या दृश्याचे फार मोल वाटते. ज्यांच्या पायाखाली गाव राहिले नाही, त्यांनी ते स्मरणात जपले. परंतु ज्यांनी तेथे नांगर धरला, ती पिढी आता थकली आहे. त्यांच्या नातवंडांनी कुर्डी पाहिली ती केवळ उघड्या पडलेल्या जोत्यांच्या रूपात. सरकारी दप्तरात किती जमीन गेली आणि किती भरपाई दिली याची नोंद सापडेल. कोणत्या वाटेने मुले शाळेत जात आणि सांजवेळी कोणाच्या पडवीत माणसे जमत, हे दप्तरात सापडणार नाही. ते सांगणारी माणसे गेली की तेही जाईल.

मित्रहो, आपले गाव बुडाले नाही, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? नोकरीसाठी मुले मुंबईस, आखातात, युरोपात गेली. शेते पडीक राहिली. पाण्यावाचूनही गावे विरघळत आहेत.

पूर्वी गावाचे म्हणणे गावाबाहेर नेणे किती कठीण होते, याचाही विचार करावा. मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगरमधील) एका खेड्यातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढे कित्येक दशके ते खेड्यातूनच चालविले. कागद, छपाई, टपालखर्च यांचा भार सोसून त्यांनी शेतकऱ्यांची व बहुजनांची दुःखे वेशीबाहेर नेली. हैदराबादहून फार दूर नसलेल्या माचनूर या खेड्यात 2008 साली सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते चालविणाऱ्या दलित स्त्रियांनी बी-बियाणे, औषधी आणि गाणी यांचे ज्ञान आपल्याच बोलीत सांगितले. आज आपल्या खिशातील यंत्रात लेखणी, ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा एकत्र आहेत. साधन नाही, ही सबब आता उरली नाही. उरला आहे तो केवळ आपला आळस.

या यंत्राचा वापर कसा करावा? वृद्धांकडे जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. तत्पूर्वी त्यांची अनुमती घ्यावी आणि हे कोणाकोणापर्यंत जाईल, याची त्यांना स्पष्ट कल्पना द्यावी. आजी कोकणीत सांगत असेल, तर तिचे शब्द तसेच राहू द्यावेत. मराठीत सार खाली लिहावे. एकाच घटनेविषयी दोघांनी दोन प्रकारे सांगितले, तर दोन्ही नोंदवावे. न्यायनिवाडा करू नये. छायाचित्राखाली स्थळ, वर्ष आणि माहिती देणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. अन्यथा वीस वर्षांनी ते चित्र मुके होते.

व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला मजकूर दुसऱ्या दिवशीच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. गटाचा उपयोग निरोपासाठी व माहिती जमविण्यासाठी करावा. जे टिकावे असे वाटते, ते अनुदिनीवर, अर्थात ब्लॉगवर, तारखेसह आणि देवनागरीत टंकलिखित करून ठेवावे. लिखाणाचे केवळ छायाचित्र काढून ठेवले, तर शोधणाऱ्यास ते सहसा सापडत नाही. शिवाय एक प्रत कागदावर उतरवून वाचनालयात ठेवावी. कारण कंपन्या बंद पडतात, संकेतशब्द विसरले जातात.

याच साधनाने अफवाही पसरतात, हे विसरता येत नाही. ज्या मजकुराचा कर्ता, स्थळ व काळ ठाऊक नाही, तो पुढे पाठवू नये. कोणाच्या जमिनीचा वाद, घरातील कलह, लहान मुलांची छायाचित्रे चव्हाट्यावर आणू नयेत. ज्या गोष्टीने शेजाऱ्याची मान खाली जाते, ती गावाची गोष्ट नव्हे. त्याचबरोबर, गावाच्या इतिहासात ज्यांना कधी बोलू दिले नाही, अशा स्त्रिया, मजूर आणि कष्टकरी यांच्याकडे आधी जावे. मोठ्या घरांच्या कथा पूर्वीच पुष्कळ सांगून झाल्या आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, मुलांना या आठवड्यात एकच काम द्यावे. गावातील एखादी विहीर, बांध किंवा पाणंद निवडावी आणि तिच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहून आणाव्यात. पंचायतीने त्या जपण्याची व्यवस्था करावी. दूरदेशी गेलेला गावकरी त्या वाचील, एखादी चूक दुरुस्त करील, एखादी आठवण जोडील. तुटलेला धागा असाच जुळतो.

कुर्डीचे पाणी वर्षातून एकदा ओसरते आणि माणसांना भेटू देते. आपल्या आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या मध्ये जे पाणी चढत आहे, ते काळाचे आहे. ते ओसरणार नाही. म्हणून विचारावयाचे ते आजच विचारावे.