जुईनगरात गायचं कुठं?



नवी मुंबईतल्या जुईनगरचं नाव कुठल्याही कॉन्सर्टच्या तिकिटावर छापलेलं नसतं. तिकिटावर असतं डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ. ते आमच्या शेजारीच. २०१७ च्या मे महिन्यात तिथं जस्टिन बीबर येऊन गेला. १५ डिसेंबर २०१९ ला ‘यू टू’ आले, भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम. २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला ‘कोल्डप्ले’ झाला. वारा तिकडून असेल तर जगातलं महागडं गाणं आम्हा जुईनगरकरांना फुकट ऐकू येतं. तेही अर्धंच. शब्द महामार्गाच्या घरघरीत विरतात, बेस तेवढा घरापर्यंत पोचतो.

त्या तीन दिवसांत गाड्यांचे रस्ते बदलले, पोलीस उभे राहिले, लोकलच्या डब्यात उभं राहायला जागा उरली नाही. शहरानं हे सगळं आनंदानं सोसलं. सोसावंही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. या शहरानं गाणं ऐकायची सोय केली, पण इथल्या पोरांनी गायचं कुठं?

हे शहर मुळात विचार करून बांधलेलं. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला हे शहर उभारणारी सिडको स्थापन झाली. नोड ठरले, सेक्टर पडले. शाळेला प्लॉट, बाजाराला प्लॉट, उद्यानाला प्लॉट. १९९२ च्या मे महिन्यात लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली आणि पुढच्या वर्षी आमच्या अंगणातून बेलापूरपर्यंत गेली. नकाशावर रिकामी दिसलेली ही जमीन रिकामी नव्हती, हे मात्र आपण सेक्टरवाले सोयीनं विसरतो. ९५ गावांची ती जमीन. आमच्या भोवतीची शिरवणे, सानपाडा, नेरूळ ही त्यातलीच. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी, आणि या सगळ्याबरोबर गाणं.

इथल्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण धवला, म्हणजे लग्नगीत, गाते. एकेकाळी लग्न तीच लावायची. म्हणजे ज्या जागेवर आपण कुठलंही गाणं नसलेलं नवं शहर वसवलं असं समजतो, तिथं गाण्याशिवाय लग्नसुद्धा पुरं होत नव्हतं. पुढं बेंजो आला, कीबोर्ड आला, मग हळदीला डीजे आला. आज गावठाणातला मुलगा घरच्या खोलीत कोळीगीत रेकॉर्ड करतो, मित्राकडून व्हिडिओ करून घेतो आणि यूट्यूबवर टाकतो. पुण्या-मुंबईच्या संगीतसमीक्षेत याची नोंद फारशी होत नाही. ‘क्रेटेक्स’ आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये ‘स्पिनिन’ या डच कंपनीकडून निघालं, तेव्हा मराठी शब्द हाउस संगीतावर चढू शकतात याचं अनेकांना नवल वाटलं. ज्यांनी नवी मुंबईतली हळद पाहिली आहे, त्यांना वाटलं नसावं.

या हळदीवरूनच आमच्याकडे भांडण आहे. कोल्डप्लेच्या आवाजाला टॉवरमधले लोक ‘ॲटमॉस्फिअर’ म्हणतात आणि हळदीचा डीजे वाजला की पोलिसांना फोन लावतात. रात्री अकरानंतर छातीत धडधडणारा डीजे मलाही नकोच. पण आवाज मोजायचा तर सगळ्यांचा एकाच यंत्रानं मोजा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यात हळदीचा वेगळा आणि परदेशी बँडचा वेगळा असा रकाना नाही.

आता गाण्याकडून नागरिकाकडे येतो. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत, आणि त्याचं कारण याच भागात आहे.

जानेवारी १९८४. उरण तालुक्यातल्या जासई परिसरात दि. बा. पाटील, म्हणजे दिबा, यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या आंदोलनातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याचं तत्त्व आलं. आपल्याकडे ‘सक्रिय नागरिक’ म्हटलं की डोळ्यांपुढे सकाळी प्लास्टिक गोळा करणारा, टोपी घातलेला गट येतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण नवी मुंबईतले पहिले सक्रिय नागरिक हे शेतकरी होते. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडकोला घेराव. दिबांवर आगरी-कोळी गायकांनी गाणी बांधली, आणि हळदीतल्याच ठेक्यावर ती वाजली. ज्याला आपण निव्वळ नाचाचं संगीत म्हणून नाक मुरडतो, ते वेळ आली तेव्हा मोर्चात चाललं.

मुंबईतही हे घडलेलं आहे. ‘स्वदेशी’ हा रॅपर मुलांचा गट. त्यांच्यातला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीत लिहायचा. २०२२ च्या मार्चमध्ये तो अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. एमसी मवाली मराठी शब्द फेकतो. या गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ हे गाणं केलं. नाव ऐकताच १९४५ चा डहाणू-तलासरीचा उठाव आठवतो. २०१९ च्याच ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात पाडायला घेतली गेली. सात तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर बरंचसं काम उरकलं होतं. गाण्यानं झाड वाचत नाही, हे इथं दिसलंच. पण ज्या पोरांना आरेत पाडे आहेत, पाड्यांत माणसं आहेत हेच ठाऊक नव्हतं, त्यांना भोईरांचा आवाज त्या गाण्यातून ऐकू आला. वर्तमानपत्रातला लेख त्या पोरांपर्यंत पोचला नसता.

गाण्याचं हे झालं, चित्रांचं काय? भिंती रंगवण्यात नवी मुंबईचा हात कोणी धरणार नाही. उड्डाणपुलाचे खांब, भुयारी मार्ग, उद्यानांच्या भिंती रंगल्या. स्वच्छ सर्वेक्षणात शहर २०२० आणि २०२३ ला देशात तिसरं आलं, त्यात या रंगांचाही वाटा असेल. शहराचा लाडका पक्षी फ्लेमिंगो. भिंतीवर फ्लेमिंगो, चौकात फ्लेमिंगोची शिल्पं, ‘फ्लेमिंगो सिटी’ ही बिरुदावली. चित्रं देखणी आहेत, काढणाऱ्यांचा हात चांगला आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. भिंतीवरच्या फ्लेमिंगोला भरतीचं पाणी लागत नाही.

खऱ्याला लागतं. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर गोल्फ कोर्स आणि इमारती येणार होत्या. नागरिक न्यायालयात गेले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं तो बेत रद्द केला. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. महापालिकेचा पहिला प्रारूप विकास आराखडा २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला. पुढच्या फेरबदलांत याच पाणथळांवर निवासी रंग चढला, तेव्हा लोक पुन्हा हरकती लिहायला बसले. नकाशावरही रंगकाम असतं, आणि ते भिंतीवरच्यापेक्षा जास्त टिकतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मेले, कारण तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं होतं. लोक फलक घेऊन काठावर उभे राहिले. वर्षभरानं, एप्रिल २०२५ मध्ये, राज्य वन्यजीव मंडळानं त्या तीस एकर तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली.

त्या काठावरचे फलक मार्करनं लिहिलेले, अक्षर वाकडंतिकडं, पुठ्ठा खोक्याचा फाडलेला. मला विचाराल तर शहराची खरी कला ती. कंत्राट देऊन काढलेल्या चित्रात पक्षी फक्त सुंदर असतो. या पुठ्ठ्यावरचा पक्षी काहीतरी मागत होता. आणि लक्षात घ्या, हे फलक उभे राहिले तेव्हा शहरात नगरसेवक नव्हते. २०२० च्या मे महिन्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाचहून जास्त वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दाद मागायला नगरसेवकाचं घर नाही म्हटल्यावर लोकांनी पुठ्ठे उचलले.

आता जुईनगरपुरतं बोलतो. आमच्याकडे रॅप लिहिणारी पोरं आहेत. एक लॅपटॉप, एक माइक, दोन-तीन आवाज. घरात तालीम केली की खालच्या मजल्यावरून घंटा. उद्यानात केली की रखवालदार. स्टेशनासमोर केली की गर्दी, आणि गर्दीपाठोपाठ हटकणारा कोणीतरी. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह उत्तम आहे, पण त्याचं भाडं आणि तिथल्या खुर्च्या या पोरांच्या मापाच्या नाहीत. त्यांना पन्नास माणसांची खोली हवी.

ती आहे. महापालिकेची समाजमंदिरं, बहुउद्देशीय सभागृहं शहरभर आहेत. साखरपुडे नि बारशी सोडली तर मधल्या वारी बरीचशी बंद. आणि गंमत बघा, मघाशी म्हटलेल्या त्याच ध्वनी नियमांत याची वाट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे ती उघड्यावर. दारं बंद असलेल्या सभागृहात, आतल्यांपुरता आवाज ठेवून, तो लावता येतो. आठवड्यातली एक संध्याकाळ, नाममात्र भाडं, पंखे चालू स्थितीत. यासाठी नवं धोरण नको, उद्घाटनाची फीत नको.

अडचण एकच दिसते. असा अर्ज करायचा तर तो सहसा संस्थेच्या नावानं जातो, आणि तीन रॅपरांची संस्था नसते. सोसायट्यांची असते, वाचनालयांची असते, ज्येष्ठ नागरिक संघांची तर असतेच. त्यांनी आपलं लेटरहेड या पोरांना द्यावं. आमच्या संघाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. विरोध होईल, कारण हळदीच्या डीजेविरुद्धच्या अर्जावर सगळ्यात जास्त सह्या आमच्याच संघाच्या होत्या, आणि त्यातली एक माझी.