म्हशींच्या गोठ्यातील थर्मोस्टॅट : बसवणी, तपासणी आणि सुरक्षितता

(आरे कॉलनीतील म्हैसपालकांसमोर दिलेले भाषण)



आजचा विषय आहे गोठ्यातील पंखे आणि पाण्याचे तुषार आपोआप चालू-बंद करणारा तापमान नियंत्रक, म्हणजेच थर्मोस्टॅट. हे यंत्र आकाराने लहान आहे; पण ते चुकीच्या जागी बसवले, न तपासता चालू केले किंवा कोणालाही हात लावता येईल असे उघडे ठेवले, तर फायद्याऐवजी नुकसान होते. म्हणून बसवणी, तपासणी आणि सुरक्षितता या तीन गोष्टी क्रमाने पाहू.

हा विषय आरे कॉलनीत मांडण्याला कारण आहे. मुंबई शहरातील दाटीवाटीचे गोठे बाहेर हलवून म्हशींना मोकळी जागा, चारा आणि स्वच्छ पाणी मिळावे, म्हणून १९४९ साली ही वसाहत उभी राहू लागली. मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या कामामागे त्या वेळचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांची दृष्टी होती. १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जनावराला आराम मिळाला तर दूध वाढते, हा त्यामागचा साधा विचार होता. गोठ्यातील तापमान सांभाळणे हा त्याच विचाराचा पुढचा भाग आहे.

म्हशीला उष्णता जास्त का बाधते?

म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. म्हणून ती डुंबून अंग थंड करते. गोठ्यात बांधलेल्या म्हशीला डुंबायला तळे नसते. उष्णता वाढली की ती वैरण कमी खाते, धापा टाकते, दूध घटते आणि माज मुका राहतो. मुका माज ओळखला गेला नाही तर एक वेत लांबते. दुधातली घट बादलीत लगेच दिसते; लांबलेल्या वेताचे नुकसान मात्र वर्षभर भरत राहावे लागते.

उष्णतेचा ताण नुसत्या तापमानावर ठरत नाही. हवेतील ओलाव्याचाही त्यात वाटा असतो. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची वात गुंडाळून तिचे टोक पाण्यात ठेवा. हा ओला तापमापक, दुसरा कोरडा. दोन्हींचे आकडे मिळवून ०.७२ ने गुणा आणि त्यात ४०.६ मिळवा. हा आला ताण निर्देशांक. तो सर्वसाधारणपणे ७२ च्या वर गेला की दुधाळ गाईंवर ताण सुरू होतो. म्हशींसाठी ७५ हा आकडा धरून चालावे.

आता उदाहरण पाहू. मे महिन्यात गोरेगावला कोरडा ३३ आणि ओला २७ अंश असेल, तर निर्देशांक ८३.८ येतो. खानदेशात कोरडा ४२ आणि ओला २२ असेल, तर तो ८६.७ येतो. दोन्हीकडे ताण मोठाच आहे, पण त्यावरचा उपाय वेगळा आहे. कोरड्या व ओल्या तापमापकातील फरकाचा साधारण पाऊण हिस्सा एवढीच हवा धुक्यासारख्या फवाऱ्याने, म्हणजे फॉगरने, थंड होऊ शकते. खानदेशात फरक २० अंशांचा, म्हणून हवा १५ अंशांनी उतरून २७ वर येते आणि निर्देशांक ७५.९ होतो. आपल्याकडे फरक फक्त ६ अंशांचा. हवा साडेचार अंशांनी उतरली तरी निर्देशांक ८०.६ वरच अडतो आणि गोठा दमट होतो तो वेगळाच.

म्हणून कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत फॉगरच्या मागे लागू नये. येथे मोठ्या थेंबांचा तुषार म्हशीच्या पाठीवर पाडून कातडी भिजवावी आणि मग पंख्याच्या वाऱ्याने ती वाळू द्यावी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती जनावराच्या अंगातून निघाली पाहिजे. म्हणजे दोन मिनिटे भिजवणे आणि दहा-बारा मिनिटे वाळवणे, असा फेरा हवा. दिवसभर हा फेरा हाताने सांभाळणे गड्याला शक्य नसते. थर्मोस्टॅट लागतो तो येथे.

बसवणी

१. संवेदकाची जागा : तापमान मोजणारा संवेदक गोठ्याच्या मध्यभागी, जनावरांच्या पाठीच्या जरा वर पण त्यांच्या शिंगांच्या व जिभेच्या टप्प्याबाहेर टांगावा. पत्र्याच्या छपराखाली लावल्यास तो पत्र्याची उष्णता मोजेल. दाराजवळ, पश्चिमेच्या भिंतीवर, दिव्याजवळ, पंख्याच्या मोटारीजवळ किंवा तुषाराच्या माऱ्यात तो लावू नये. भोके पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात तो ठेवल्यास हवा खेळती राहते आणि ऊन व शिंतोडे टळतात.

२. संवेदकाची वायर : ही वायर विजेच्या मुख्य तारांच्या नळीतून नेऊ नये, वीतभर अंतर ठेवून वेगळी न्यावी. पीटी-१०० जातीचा संवेदक असेल तर दोन तारांची वायर लांबवू नये. कारण या संवेदकात ०.३८५ ओहम म्हणजे एक अंश. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर लांबवली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध सुमारे ०.७२ ओहम भरतो आणि यंत्र जवळजवळ दोन अंश जास्त दाखवते. अशा वेळी तीन तारांची जोडणी करावी.

३. पंख्याचा भार : थर्मोस्टॅटच्या आतील रिले लहान असतो. त्यावर पंख्याची किंवा पंपाची मोटार थेट जोडू नये. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार चालताना ६ ते ७ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. रिलेचे टोक चिकटले तर पंप बंदच होत नाही. थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टर चालवावा. मोटारीचा भार कॉन्टॅक्टर व ओव्हरलोड रिलेने सांभाळावा. सर्व पंखे एकदम सुरू होऊ नयेत म्हणून त्यांत काही सेकंदांचे अंतर ठेवावे.

४. पाण्याचा झडपा : तुषाराची विजेवर चालणारी झडप २४ व्होल्टची घ्यावी, म्हणजे ओल्या भागात जास्त दाबाची वीज जाणार नाही. झडपेच्या आधी गाळणी बसवावी.

५. पेटी : धूळ व पाणी न शिरणारी झाकणाची पेटी गोठ्याच्या बाहेरच्या, सावलीतील भिंतीवर बसवावी. मूत्रातून निघणारा अमोनिया तांब्याची टोके खातो. वायर शिरण्याची भोके रबरी गळपट्टीने बंद करावीत; उंदीर आणि पालीही तेथूनच शिरतात.

ही सर्व जोडणी परवानाधारक वीज कारागिराकडूनच करून घ्यावी.

आकडे कसे भरावेत?

पुढील आकडे सुरुवातीसाठी आहेत. जनावरांकडे पाहून त्यात एक-दोन अंशांचा बदल करावा.

उन्हाळा आणि ऑक्टोबरचा उष्मा : पंखे २६ अंशांना चालू, २४ ला बंद. तुषार २९ ला चालू, २७ ला बंद. दोन मिनिटे पाणी, बारा मिनिटे विश्रांती. चालू आणि बंद यांत दोन अंशांचा फरक ठेवला नाही, तर मोटार दर मिनिटाला चालू-बंद होऊन जळते.

पावसाळा : तुषार पूर्ण बंद, पंखे तसेच. कोरडा २७.५ आणि ओला २६ असला तरी निर्देशांक ७९ च्या वर असतो. पाऊस पडतो म्हणून म्हशीला गार वाटत असेल, असे समजू नये. मात्र त्या हवेत अंग लवकर वाळत नाही, जमीन ओली राहते आणि खूर सडतात. म्हणून तेव्हा वाराच उपयोगी.

थंडीचे दिवस : दुपारी गरजेपुरते पंखे, रात्री बंद. लहान पारडांच्या भागात वाऱ्याचा झोत येऊ देऊ नये.

धारेची वेळ : धार काढण्याच्या अर्धा तास आधीपासून धार संपेपर्यंत तुषार बंद राहील, असे घड्याळ लावावे. पाठीवरचे घाण पाणी ओघळून कासेवर आणि सडांवर आले की कासदाहाला आमंत्रण मिळते. पोटाखालून पाणी टपकू लागले तर पाण्याची दोन मिनिटे एक मिनिटावर आणावीत.

तपासणी

यंत्र बसवणारा निघून जाण्यापूर्वी त्याच्यासमोर पुढील चाचण्या कराव्यात.

पहिली, बर्फाची चाचणी. बारीक फोडलेला बर्फ व थोडे पाणी भांड्यात कालवून संवेदक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात पाच-दहा मिनिटे धरावा. आकडा शून्यावर, फार तर अर्धा अंश इकडेतिकडे हवा. मग कोमट पाण्यात जनावरांच्या तापमापकाबरोबर ताडून पाहावे. फरक सारखाच येत असेल तर यंत्रात तेवढी दुरुस्ती भरावी. कमी-जास्त येत असेल तर संवेदक बदलून घ्यावा. दूध थंड करण्याच्या टाकीवरील तापमापकही याच रीतीने तपासता येतो.

दुसरी, कोरडी चाचणी. मोटारींचा पुरवठा बंद ठेवून चालू होण्याचा आकडा खाली आणावा आणि रिलेचा टक् असा आवाज योग्य वेळी येतो का ते पाहावे. त्यानंतर मोटारी जोडून पंख्याची दिशा, मोटारीचा प्रवाह आणि झडप पूर्ण बंद होते का, हे पाहावे.

तिसरी, संवेदक तुटल्याची चाचणी. संवेदकाची वायर मुद्दाम सोडवावी. अशा वेळी पंखे चालू राहावेत, तुषार बंद व्हावा आणि इशारा वाजावा. पंखेही बंद पडत असतील तर यंत्राची मांडणी बदलून घ्यावी. उंदराने एक वायर कुरतडली म्हणून भर दुपारी सगळा गोठा तापता कामा नये.

चौथी, वीज गेल्याची चाचणी. दहा मिनिटे पुरवठा बंद करून पुन्हा द्यावा. घड्याळ आणि भरलेले आकडे टिकले पाहिजेत.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हशीची. सकाळी गारव्यात आणि दुपारी दोनला पाच म्हशींच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजून वहीत लिहावी. यंत्र लावण्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर ही नोंद ठेवा. दुपारचा आकडा खाली आला नाही, तर यंत्र काहीही दाखवो, काम झालेले नाही.

सुरक्षितता

प्रथम विजेची. ओली जमीन, लोखंडी खांब आणि चार पायांचे जनावर असा गोठ्याचा मामला आहे. म्हशीच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असते. जमिनीत गळती झाली तर तेवढ्या अंतरातला विजेचा फरक तिच्या छातीतून जातो. रबरी बूट घातलेल्या माणसाला जे जाणवतही नाही, त्याने म्हैस दगावू शकते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावाच, आणि पंखे व पंप यांसाठी तो वेगवेगळा ठेवावा, म्हणजे पंपाच्या गळतीने पंखे थांबणार नाहीत. त्यावरचे चाचणी बटण दर महिन्याला दाबून पाहावे. खांब, गव्हाणीचे लोखंड आणि पाण्याची धातूची नळी एकमेकांस जोडून अर्थिंगला न्यावी.

दुसरी सुरक्षितता आकड्यांची. कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा आणि तो मालकाच्या वहीत लिहून ठेवावा. आकडे बदलण्याचा अधिकार एका माणसाकडे असावा. परंतु पेटीबाहेर हाताने पंखे चालू करण्याचा एक स्विच मात्र गड्याच्या हाती हवाच. मालक बाहेरगावी, पेटीला कुलूप आणि यंत्र बंद पडलेले, अशी वेळ जनावरांवर आणू नये.

मोबाइलवरून चालणारे यंत्र घेतल्यास आणखी काळजी घ्यावी. खाते स्वतःच्या नावे व स्वतःच्या फोनवर उघडावे, बसवणाऱ्याच्या नव्हे. पासवर्ड नवा ठेवावा, कंपनीने पाठवलेली सुधारणा भरून घ्यावी आणि दुरून चालवण्याची गरज नसेल तर ती सोय बंद करावी. इंटरनेट गेले तरी यंत्र आपल्या जागी चालले पाहिजे, हे घेतानाच पाहून घ्यावे.

शेवटी खर्चाचा हिशेब. पाऊण किलोवॅटचा पंखा थर्मोस्टॅटमुळे रोज सहा तास कमी चालला, तर दिवसाला साडेचार आणि महिन्याला १३५ युनिट वाचतात. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वीजबिलावरून आणि वहीवरून स्वतः मांडावा. मार्च उजाडण्यापूर्वी संवेदकाची बर्फाची चाचणी, गळतीरोधक स्विचची चाचणी आणि तुषाराच्या तोट्यांची सफाई उरकून घ्यावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.