हेलपाटे घालणारी विधवा



तुमच्यापैकी काहीजणी चर्चच्या महिला मंडळात जात असतील, काहींनी बायबल कधी उघडलंही नसेल. दोघींसाठी मी एकच गोष्ट घेऊन आले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातली, येशूनं सांगितलेली.

एका गावात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाची भीती, ना माणसांची चाड. त्याच गावात एक विधवा होती. तिच्यावर अन्याय झाला होता. गोष्टीत तिच्यामागे भाऊ दिसत नाही, मुलगा नाही, पैसाही नाही. ती न्यायाधीशाकडे जात राहते. तो दाद देत नाही. ती पुन्हा जाते. शेवटी तो वैतागून न्याय देतो, कारण ही बाई आपल्याला हैराण करून सोडील असं त्याला वाटतं. इथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं असा होतो!

ही गोष्ट चिकाटीनं प्रार्थना करावी म्हणून सांगितली, असं लूक स्वतःच म्हणतो. ते खरंच आहे. पण बायकांना उपदेश करताना त्याचा अर्थ बदलतो. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला सांगितलं जातं, प्रार्थना कर, क्षमा कर, संसार टिकव. गोष्टीतली विधवा मात्र घरी बसून सोसत नाही. ती दारात उभी राहते, न्याय मागते. येशू प्रार्थनेचा नमुना म्हणून नेमकी हीच बाई निवडतो. आणि तो न्यायाधीश म्हणजे देव नव्हे. असला माणूससुद्धा न्याय देतो, तर देव का देणार नाही, असा येशूचा सवाल आहे. मग न्यायासाठी भांडणारी बाई श्रद्धाहीन कशी?

आपल्याकडेही अशा बायका झाल्या. केरळच्या मेरी रॉय यांनी वडिलांच्या मालमत्तेत समान हक्कासाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्यानं सीरियन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा 5000 रुपये, यांतलं जे कमी तेवढंच मिळे. 1986 साली निकाल मुलींच्या बाजूनं लागला.

घटस्फोटाचंही तसंच. 1869 च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेनं कायदा बदलला तो 2001 साली. म्हणजे 132 वर्षांनी! मधल्या काळात किती बायकांनी किती हेलपाटे घातले असतील, याची नोंद कुठे आहे?

या विधवेपुढे एकच गोष्ट मला खटकते. ती एकटी जाते. आपण तिला एकटी का जाऊ द्यावी? पोलीस चौकीत, पोटगीच्या तारखेला, रेशन ऑफिसात बाईला "उद्या या" म्हणतात, तेव्हा उद्या तिच्याबरोबर आणखी दोघींनी जायचं. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. साहेबांचं मन पालटेल याची वाट बघायची नाही. गोष्टीतल्या न्यायाधीशाचंही मन कुठे पालटलं होतं?