‘आढळले नाही’ म्हणजे काय?



विषय शास्त्राचा आणि बोलणारा युनियनचा माणूस, याचे कुणी नवल करू नये. मी कॉलेजची पायरी चढलो नाही. परंतु कारखान्यातील पाणीतपासणीचे कागद वाचावे लागले, म्हणून एवढे शिकलो.

त्या कागदावर पुष्कळदा शेरा असतो : ‘शिसे आढळले नाही.’ आता पिण्याच्या पाण्यात शिशाची आपल्याकडील मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरांचे दहा टँकर, आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम! साध्या यंत्राची नजर तेथवर पोचत नाही. मग ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यावयाचा काय?

येथे सूक्ष्मजीव मदतीस येतात. ते काही परके नव्हेत. विरजण लावणारी प्रत्येक माउली त्यांना कामाला जुंपते. आपल्या शेजारच्या लोणारचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, ती करणीही त्यांचीच, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. टाकाऊ जीवाणूंच्या राशीने पाण्यातील शिसे व जस्त ओढून घेण्याचे प्रयोगही याच संस्थेतून 1997 मध्ये प्रसिद्ध झाले.

युक्ती सोपी आहे. पेशीच्या भिंतीवर ऋणभाराच्या जागा असतात. धातूचे धनभारित कण तेथे चिकटतात. पेशी मेलेली असली तरी चालते. यीस्ट किंवा शेवाळ योग्य आधारावर बसवून नळीत भरावे, लिटरभर पाणी सावकाश सोडावे आणि मग दहा मिलिलिटर सौम्य आम्लाने धुवावे. सगळा धातू सुटून आला, तर तो शंभरपट दाट होतो आणि यंत्राला दिसतो. आकड्याला शंभराने भागले की मूळ प्रमाण मिळाले.

पथ्येही आहेत. पाणी फार आंबट असेल तर धातू चिकटत नाही. दुसरे धातू जागा अडवितात. शुद्ध पाण्यावर तीच कृती केली नाही, तर भांड्यातलेच शिसे मोजले जाईल. आणि धातू नाहीसा होत नाही. केवळ जागा बदलतो.

1948 च्या फॅक्टरी ॲक्टने शिशाची विषबाधा सरकारला कळविण्याचा रोग ठरविला. परंतु रोग कळवावयाची वेळ येते तेव्हा विष रक्तात उतरलेले असते. म्हणून मागणी आधीची हवी : नमुना कामगारांच्या प्रतिनिधीसमक्ष घ्यावा, आणि ‘आढळले नाही’ यापुढे, किती असते तर आढळले असते, तो आकडा लिहावा. तो आकडा मागावयास पदवी लागत नाही.