जुना घ्यावा, पण पारखून

अमेरिकेत भाजीपाला पिकवणारा माझा भाचा फोनवर विचारतो, "मामू, जुना जपानी छोटा ट्रक घ्यायचाय. कुठला घेऊ?" तिथे अशी गाडी पंचवीस वर्षांची झाली, की आणणं सोपं जातं. म्हणजे पारख आलीच.

1990 पासून या ट्रकांचं इंजिन 660 सीसीच्या आत, भार जास्तीत जास्त 350 किलो. त्यात सगळे सारखे. फरक इंजिनाच्या जागेचा. सुझुकी कॅरी, दाइहात्सू हायजेट यांचं सीटखाली, आपल्या जुन्या मारुती व्हॅनसारखं. हात लगेच पोचतो, पण बैठक तापते. होंडा अ‍ॅक्टीचं मागच्या चाकांपुढे, सुबारू सांबारचं चाकांमागे. त्यामुळे रिकामा ट्रकही चिखलात पकड धरतो. मात्र सुबारूनं स्वतः सांबार बनवणं 2012 मध्ये थांबवलं, होंडानं अ‍ॅक्टी 2021 मध्ये. कॅरी, हायजेट अजून बनतात.

मी म्हटलं, "बेटा, रंग पाहू नकोस, खाली वाकून बघ. जपानच्या बर्फाळ भागांत रस्त्यांवर मीठ टाकतात. इंजिन बदलता येतं, गंजलेली चासी सावरत नाही. आणि काही राज्यं हे ट्रक रस्त्यावर येऊ देत नाहीत, ते आधी विचार."

श्रोतेहो, नाहीतर ट्रक अंगणात उभा आणि भाजी शेतातच, अशी गत व्हायची.