हाडे, कंपने आणि संगणक: प्रमाण कोणाचे शरीर?



नांगरलेल्या शेतातून ट्रॅक्टर किंवा कोळशाच्या खुल्या खाणीतून डंपर चालतो, तेव्हा आसनामार्गे चालकाच्या कण्यापर्यंत जाणारी कंपने बहुतांशी मंद गतीची असतात. धोका नेमका तिथेच आहे. बसलेल्या माणसाच्या धडाची नैसर्गिक वारंवारता सुमारे ४ ते ६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार ते सहा आवर्तने इतकी असते. यंत्राचे कंपन या पट्ट्यात आले की अनुनाद घडतो आणि आसनाचा हादरा कण्यात कमी होण्याऐवजी वाढतो. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे.

जिवंत माणसाच्या मणक्यात मापक यंत्र बसविणे सहसा शक्य नसते. म्हणून संगणकीय प्रारूपाचा आधार घ्यावा लागतो. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार व ठिकठिकाणची घनता समजते. संगणकात ते हाड असंख्य लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला त्याच्या घनतेनुसार ताठरता दिली जाते आणि कंपनाखाली प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो, हे गणिताने काढले जाते. हीच ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत होय. अभियांत्रिकीतील या पद्धतीला रे क्लफ यांनी १९६० मध्ये हे नाव दिले. हाडांच्या अभ्यासात ती १९७२ च्या सुमारास आली. हाडाच्या बाहेरील घट्ट कवचाची ताठरता पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी, तर आतील जाळीदार भागाची त्याहून पुष्कळच कमी असते. परंतु कंपनाच्या प्रश्नात केवळ हाड घेऊन भागत नाही. मणक्यांमधील चकत्या, स्नायू आणि पोटाचा भार वगळला, तर उत्तर चुकते. स्नायू आकड्यांत बसविणे हे तर या शास्त्राचे जुने दुखणेच आहे.

प्रारूपाचे उत्तर म्हणजे पुरावा नव्हे, हेही लक्षात घ्यावे. २००१ मध्ये मेंढ्यांवरील एका प्रयोगात वर्षभर रोज २० मिनिटे ३० हर्ट्झची सौम्य कंपने दिल्यावर मांडीच्या जाळीदार हाडाची घनता ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. कंपनाची फळी विकणाऱ्यांना एवढे पुरेसे होते. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत रजोनिवृत्त स्त्रियांच्या हाडांना वर्षभरात तसा लाभ दिसला नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. प्रारूप उभारण्याचा खर्च मोठा. एकदा ते उभे राहिले की पुढील प्रत्येक प्रयोगाचा सीमान्त खर्च नगण्य. शिवाय एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही. ही सार्वजनिक वस्तूची लक्षणे होत. यंत्र-उत्पादक त्यावर पुरेसा खर्च करील, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. कारण कंबरदुखीचा खर्च त्याच्या ताळेबंदात येत नाही, तो बुडालेल्या मजुरीच्या रूपाने चालकाच्या घरात पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या व १९९५ मध्ये एका स्त्रीच्या संपूर्ण शरीराच्या छेदप्रतिमा उपलब्ध करून दिल्या आणि त्यांवर अनेक देशांत प्रारूपे उभी राहिली. मात्र ती शरीरे ५५ किलो वजनाच्या भारतीय चालकाची नव्हेत. जड माणसासाठी बेतलेली आसनाची स्प्रिंग हलक्या माणसाखाली ताठ ठरते आणि हादरा शोषत नाही.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी संपूर्ण शरीराच्या कंपनाची कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग असून ०.५ पासूनच मालकाला उपाय योजावे लागतात. भारतात २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत खाणी येतात. इतरत्र मात्र सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापनेच येतात. भाड्याने ट्रॅक्टर चालविणारा एकटा चालक त्यांत बसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग यंत्रातूनच जातो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तेव्हा यंत्राचे कंपन मोजले जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने भारतीय शरीरांची प्रारूपे तयार झाली, तर तेच आकडे त्यांत घालून कण्यावरील भारही चाचणी अहवालात छापता येईल आणि ट्रॅक्टर घेणाऱ्याला अश्वशक्तीबरोबर तोही वाचता येईल.