डोळे उघडे ठेवून पाहू या
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भगिनींपुढे झालेले भाषण)



वर्धापनदिनाला शाळेतल्या बाईंचे भाषण ठेवले, म्हणजे आता काहीतरी पाठ करावे लागणार, अशी धास्ती काहीजणींच्या चेहऱ्यावर मला इथून दिसते आहे. घाबरू नका. मी खडू-फळा आणलेला नाही. पिशवीत एक फुलपात्र, मूठभर चिंचोके, चार रंगांच्या बांगड्या, एक भिंग आणि झाकणाचा खोका एवढेच सामान आहे. गेली अनेक वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गात 'डोळा' हा पाठ मी एवढ्याच सामानावर शिकवीत आले. आज तोच पाठ आपल्यापुढे मांडणार आहे. कारण त्याच्या शेवटी एक गोष्ट अशी निघते, की जी शिक्षकांपेक्षा आयांना आणि आज्यांना अधिक ठाऊक असायला हवी.

पहिला प्रश्न मी मुलांना विचारते, "आपल्याला दिसते कसे?" मुले म्हणतात, "डोळे उघडले की दिसते." यात त्यांचा काय दोष? आपली भाषाच तसे सांगते. आपण नजर टाकतो, दृष्टी फिरवतो, कुणाकडे रोखून पाहतो. जणू डोळ्यांतून काहीतरी निघते आणि वस्तूवर जाऊन पडते! प्राचीन ग्रीसमधल्या मोठमोठ्या पंडितांनाही असेच वाटे. मग मी हा खोका पुढे करते. याच्या एका बाजूला डोळा लावण्यापुरते भोक आहे आणि आत एक लाकडी बाहुली ठेवली आहे. मूल डोळा लावते आणि म्हणते, "काहीच दिसत नाही." डोळा उघडा, बाहुली समोर, तरी दिसत नाही! झाकण बोटभर उचलले की बाहुली दिसू लागते. म्हणजे डोळ्यांतून काही बाहेर जात नाही. उजेड वस्तूवर पडतो, तिथून निघून आपल्या डोळ्यांत शिरतो, तेव्हा आपण पाहतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने ही गोष्ट आपल्या प्रकाशावरील ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडली. जी गोष्ट जगाला कळायला इतकी शतके लागली, ती आठ वर्षांच्या मुलाला एका खोक्याने कळते. प्रयोगाचे मोल ते हेच.

दुसरा प्रयोग भिंगाचा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ पांढरा कागद धरावा आणि त्याच्यापुढे भिंग मागे-पुढे करावे. एका ठराविक अंतरावर अख्खी खिडकी, बाहेरचे झाड आणि रस्त्यावरून जाणारी सायकलसुद्धा त्या कागदावर रंगांसकट उतरते, पण उलटी! आपल्यापैकी ज्या हंपीला जाऊन आल्या असतील, त्यांनी विरूपाक्षाच्या देवळात गोपुराची उलटी पडछाया भिंतीवर पाहिली असेल. तिथे भिंग नाही, नुसते लहानसे छिद्र आहे. पण उजेड सरळ रेषेत जातो म्हणून वरचे खाली आणि खालचे वर होते, हा न्याय तोच. आपल्या डोळ्यातही पुढे भिंग आहे आणि मागे पडदा आहे. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर जगाचे चित्र असेच उलटे पडते, हे केप्लर या ज्योतिषशास्त्रज्ञाने १६०४ साली दाखवून दिले.

मग एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारतो, "बाई, मग आम्हाला सगळे उलटे का दिसत नाही?" या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. त्याचे उत्तर असे, की डोळा पाहत नाही. डोळा नुसता निरोप धाडतो. सुमारे दहा लाख बारीक तंतूंची एक जुडी प्रत्येक डोळ्यामागून मेंदूकडे जाते. आलेल्या निरोपाचा अर्थ लावण्याचे काम मेंदूचे. पाहण्याचे अर्धे काम डोळ्यांत होते आणि अर्धे डोक्यात. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता बांगड्यांचा खेळ. एकीने समोरच्या भिंतीवरील खिळ्याकडे टक लावून बसावे. दुसरीने मागून, कानाच्या बाजूने, एक बांगडी हळूहळू पुढे आणावी. बसलेलीने मान वा डोळे न वळवता सांगावे. प्रथम ती म्हणेल, "काहीतरी हालते आहे." रंग विचारा, सांगता येत नाही! बांगडी बरीच पुढे आली म्हणजे ती म्हणेल, "अगबाई, ही तर हिरवी." दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या पेशी मधोमध दाटीने असतात, कडेला आहेत त्या मुख्यतः अंधूक उजेडातले आणि हालचाल टिपणाऱ्या. म्हणूनच पोळ्या लाटतालाटता डाव्या बाजूला दूध वर आलेले आपल्याला 'जाणवते', आणि मग आपण मान वळवून पाहतो. तरी आपल्याला वाटते, की सगळे स्वयंपाकघर आपल्याला एकदम आणि रंगीतच दिसते आहे. ही रंगसफेदी मेंदूची.

यापुढचा प्रयोग मुलांना जादूसारखा वाटतो. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर आला, की ठिपका नाहीसा होतो! आणखी जवळ आणा, पुन्हा दिसतो. डोळ्यांतून तंतूंची जुडी जिथून बाहेर पडते, तिथे पाहणाऱ्या पेशीच नाहीत. या जागेला अंधबिंदू म्हणतात. मारिओत नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६६० च्या दशकात हा शोध लावला. आपणा प्रत्येकीच्या प्रत्येक डोळ्यात हे आंधळे भोक जन्मापासून आहे. पण आजवर कुणाला ते दिसले होते काय? ठिपका गेला तिथे काळे भगदाड दिसले नाही, कोरा कागदच दिसला. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ते भोक रफू करून टाकतो. एखाद्या कसबी बाईने शालूला केलेला रफूसुद्धा इतका बेमालूम नसेल.

भगिनींनो, इथवर गंमत झाली. आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याला काय दिसत नाही, हे आपले आपल्याला दिसत नाही. हे जर मोठ्यांचे, तर लहान मुलांचे काय? जन्मापासून ज्याला फळा धूसर दिसतो, त्याला फळा धूसरच असतो असे वाटते. ते कुणाकडे तक्रार करणार, आणि कशाची?

मागे एका वर्षी वर्गात चिंचोक्यांचा खेळ चालू होता. टेबलावर हातभर अंतरावर फुलपात्र ठेवायचे. जोडीदाराने चिमटीत चिंचोका धरून तो वर हवेत हळूहळू फिरवायचा. खेळणाऱ्याने 'टाक' म्हटले की टाकायचा. दोन्ही डोळ्यांनी पाहून दहांपैकी किती आत पडले, आणि एक डोळा झाकून किती, ते पाटीवर लिहायचे. दोन डोळे दोन किंचित वेगवेगळी चित्रे पाहतात. ती जुळवून मेंदू अंतर ओळखतो. म्हणून एक डोळा झाकला की नेम चुकू लागतो. सगळ्या मुलांचे आकडे असेच उतरले. एका मुलीचे मात्र दोन्ही आकडे सारखेच, आणि दोन्ही कमी. मी तिला उजवा डोळा झाकायला सांगितले, तशी ती सहज म्हणाली, "बाई, या डोळ्याने मला फुलपात्र नीट दिसत नाही. तो माझा साधा डोळा आहे." जणू प्रत्येकाला एक पाहायचा डोळा असतो आणि एक साधा!

मुलगी आठ वर्षांची. डोळे दिसायला अगदी सुरेख, तिरळेपणा मुळीच नाही, अभ्यासात बरी. घरी कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले, की डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे आणि त्यामुळे तो डोळा 'आळशी' झाला आहे. हा आळस डोळ्याचा कमी आणि मेंदूचा अधिक. एका डोळ्याकडून सतत अंधूक निरोप येऊ लागला, की बालवयातला मेंदू तो वाचायचेच सोडून देतो आणि चांगल्या डोळ्यावर सगळे काम भागवतो. पुढे मोठेपणी नुसता चष्मा दिला, तरी मेंदूला त्या डोळ्याचे निरोप वाचता येत नाहीत.

उपाय काय? चष्मा लावायचा आणि डॉक्टर सांगतील तेवढा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला जुंपायचे. तिला रोज दोन तास पट्टी सांगितली होती. घरी मोठीच खळबळ उडाली. आजी म्हणाली, चांगल्या डोळ्याला कशाला झाकता? वडील म्हणाले, एवढ्याशा मुलीला चष्मा लावला तर उद्या हिचे कसे व्हायचे? तिची आई मात्र शांतपणे उठली, तिने स्वतःचा एक डोळा पदराने झाकला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. चारदा दोरा चुकला. मग ती सासूबाईंना म्हणाली, "आई, हिने जन्मभर असेच ओवायचे का?" त्या दिवसापासून पट्टी सुरू झाली. आजीच रोज दुपारी तिला पट्टी लावून जवळ बसवून तांदूळ निवडायला देऊ लागली. वर्षभराने तो डोळा पूर्ण नव्हे, पण पुस्तक वाचण्याइतका सुधारला.

हा उपाय वय जितके लहान तितका चांगला लागू पडतो. सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत उत्तम. नंतरही डॉक्टर प्रयत्न करतात, पण यश कमी होत जाते. थोडा तिरळेपणा शुभ असतो, असे म्हणणारी माणसे अजून भेटतात. त्यांचे ऐकू नका. तिरळा डोळाही असाच आळशी होत जातो.

म्हणून घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तीन दात्यांच्या फणीसारखे इंग्रजी 'ई' अक्षर काळ्या शाईने काढा. उंची आणि रुंदी १३ मिलिमीटर. तीन दाते आणि मधल्या दोन फटी सारख्या जाडीच्या. चांगल्या उजेडात पुठ्ठा ६ मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट अंतरावर धरा. दाते कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे करा. मुलाने बोटांनी दिशा दाखवायची. वाचता येण्याची गरज नाही. चार-पाच वर्षांचे मूलही हा खेळ आनंदाने खेळते. मात्र एका वेळी एकच डोळा, आणि दुसरा तळहाताने नीट झाकलेला. बोटांच्या फटींतून पाहण्यात मुले पटाईत असतात! कोणत्याही एका डोळ्याने दिशा चुकू लागली, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. हे निदान नव्हे, नुसती चाळणी आहे. चाळणीत काही अडकले नाही तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्यावेतच.

आणखी दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगते. मुलांना रोज उघड्यावर खेळू द्या. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले, तिथे तीन वर्षांत शंभरातल्या सुमारे ३० मुलांना जवळचे दिसून लांबचे न दिसण्याचा दोष जडला. इतर शाळांत सुमारे ४० मुलांना. मोबाईल हातातून काढून घेण्यापेक्षा चेंडू हातात देणे सोपे, नाही का? दुसरे, अंधूक उजेडात पाहण्यासाठी डोळ्यांतले जे द्रव्य लागते, ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनते. शेवग्याचा पाला, माठ, पालक, पपई, गाजर यांना घरात मान द्या आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. तिसरे, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका. बोटाने जंतू जातात, आणि पुष्कळशा सुरम्यांत शिसे असते. तीट लावायचीच हौस असेल तर तळपायाला लावा!

आणि चष्म्याविषयी एकच सांगते. मुलाला चष्मा लागला तर तो हुशार दिसतो आणि मुलीला लागला तर ती बिघडलेली दिसते, हा न्याय आपणच मोडायला हवा.

माझी आपल्या मंडळाला एक विनंती आहे. हळदीकुंकवाला आपण दरवर्षी काहीतरी लुटतो. यंदा प्रत्येकीला हे 'ई' अक्षराचे कार्ड द्यावे. एक रविवार ठरवून आपल्या वस्तीतल्या बालवाडीत आपण सात-आठजणी वीस फुटांची दोरी घेऊन बसू या. दोरी आणि पुठ्ठे मी आणीन. चिंचोके मात्र आपल्या डब्यांतून आणा. माझे मुले खाऊन संपवतात.